पणजोबांच्या ट्रंकेतलं नाणं टिमार्कसचं आहे का?

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला, फोटो मोठे करून पाहिले आणि मगच लिहायला बसलो. इतर वाचणाऱ्यांसाठी हकिगत थोडक्यात सांगतो. सातारा जिल्ह्यातलं जुनं घर आवरताना तुम्हाला पणजोबांच्या ट्रंकेत चांदीचं एक जाडजूड नाणं मिळालं. पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात होते आणि नाणं त्यांनी तिकडूनच आणलं, असं आजी सांगायच्या. एका बाजूला शिरस्त्राण घातलेला पुरुष, दुसऱ्या बाजूला भाले रोखून दौडणारे दोन घोडेस्वार. वजन 16.4 ग्रॅम, रुंदी 31 मिलिमीटर. इंटरनेटवर चित्र जुळवून पाहिलंत, तर 'टिमार्कस, अत्यंत दुर्मिळ' असं उत्तर आलं. एका व्यापाऱ्यानं रोख रक्कम देऊ केली आणि जास्त हवे असतील तर परदेशातल्या लिलावात पाठवू, असंही सुचवलं. तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: नाणं खरं आहे का, त्याची किंमत किती आणि त्यावरचा काळा थर घासून काढावा का.

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. घासू नका. चिंच-मीठ नको, रांगोळी नको, भांड्यांची पावडर नको, टूथपेस्टही नको. दारातल्या सराफाकडेही नेऊ नका, कारण तो सवयीनं कसोटीच्या दगडावर कड घासून पाहील. फरशीवर टाकून खणखणाट ऐकायचा मोहही आवरा. दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, वरून धडधाकट दिसणारं नाणं पडल्यावर दुभंगलेलं मी पाहिलं आहे. तुमच्या बाबतीत काळजीचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईल.

आता मूळ मुद्दा. तुम्ही 'खरं की खोटं' असं विचारलंत. पण या नाण्याच्या बाबतीत तिसरीही शक्यता आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोठी आहे: नाणं अस्सल आहे, पण दुसऱ्याच राजाचं. शिरस्त्राणधारी राजा आणि दोन घोडेस्वार ही जोडी मुळात टिमार्कसची नाहीच. ती बॅक्ट्रियाच्या, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानातल्या बाल्ख भागाच्या, युक्रेटायडीस या ग्रीक राजाची. टिमार्कसनं ती उचलली. युक्रेटायडीसची चांदीची मोठी नाणी बॅक्ट्रियाच्या ग्रीक नाण्यांत सगळ्यात जास्त सापडणाऱ्यांपैकी आहेत. टिमार्कसची मात्र हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच माहीत आहेत, जगातल्या अनेक मोठमोठ्या संग्रहांतही ती नसतात. चित्र जुळवणाऱ्या यंत्राला शिरस्त्राण आणि घोडे दिसतात. ज्या एका ओळीवर सगळा निवाडा आहे, ती त्याला वाचता येत नाही.

हा टिमार्कस कोण, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याचं नाणं दुर्मिळ का झालं हे कळलं की तपासताना नजर कुठे लावायची हे आपोआप कळतं.

चंद्रगुप्त मौर्याशी तह करणारा सेल्यूकस आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्याच्या घराण्याचं राज्य पुढे दीडशे वर्षांनीही सीरियापासून इराणपर्यंत पसरलेलं होतं. इ. स. पू. 164 मध्ये त्या घराण्यातला चौथा अँटायोकस वारला आणि गादीवर त्याचा अल्पवयीन मुलगा आला. चौथ्या अँटायोकसचे दोन लाडके सरदार होते, मिलेटस शहरातले सख्खे भाऊ. हेराक्लायडीसकडे खजिना होता, टिमार्कसकडे पूर्वेकडच्या प्रांतांचा कारभार. मिलेटसमध्ये या दोन भावांनी अँटायोकसच्या नावानं बांधून दिलेल्या सभागृहाचे अवशेष आजही आहेत.

इ. स. पू. 162 मध्ये रोममध्ये ओलीस असलेला राजपुत्र डेमेट्रियस तिथून निसटला. इतिहासकार पॉलिबियस त्याचा मित्र होता, पलायनाच्या बेतात त्याचाही हात होता. डेमेट्रियसनं सीरियात येऊन गादी घेतली, बालराजा आणि त्याचा कारभारी मारले गेले. जुन्या राजाच्या मर्जीतल्या दोघा भावांना आता थारा उरला नाही. टिमार्कसनं बंड केलं, मीडियात म्हणजे पश्चिम इराणात स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि बॅबिलोनियापर्यंत हात पसरले. रोममध्ये पैसा ओतून सेनेटकडून आपल्या बाजूचा एक मोघम ठरावही त्यानं पदरात पाडून घेतला होता. पण मदतीला रोमचा एक शिपाईही आला नाही. इ. स. पू. 160 च्या सुमारास डेमेट्रियसनं त्याला हरवून ठार केलं. टिमार्कसच्या जाचातून सोडवलं म्हणून बॅबिलोनच्या लोकांनी डेमेट्रियसला 'सोटेर', म्हणजे तारणहार, ही पदवी दिली, असं प्राचीन इतिहासकार अ‍ॅपियन सांगतो.

तुम्ही त्याला 'तोतया' म्हटलं आहे, तेवढं दुरुस्त करतो. तोतया म्हणजे पानिपतानंतर 'मी सदाशिवरावभाऊ' म्हणत उभा राहिला तसा, दुसऱ्याचं नाव आणि वंश सांगणारा. टिमार्कसनं स्वतःच्याच नावानं नाणं पाडलं, कुणाचा मुलगा असल्याचा दावा केला नाही. तो गादी बळकावणारा बंडखोर. तोतया या कथेत पुढे येतो. वाचलेल्या हेराक्लायडीसनं भावाचा सूड म्हणून अलेक्झांडर बालास नावाचा तरुण चौथ्या अँटायोकसचा मुलगा म्हणून पुढे आणला, आणि इ. स. पू. 150 मध्ये त्याच बालासशी लढताना डेमेट्रियस मेला.

टिमार्कसकडे राजरक्त नव्हतं. मग नाण्यावर काय दाखवायचं? सेल्यूकसच्या घराण्याची नेहमीची चित्रं, नुसतं वस्त्राची पट्टी बांधलेलं डोकं आणि मागे बसलेला अपोलो, वापरली असती तर ज्याच्याविरुद्ध बंड केलं त्याच्याच घराची पाटी दारावर लावल्यासारखं झालं असतं. त्यानं पूर्वेकडे पाहिलं. तिथे युक्रेटायडीस असाच, जुन्या राजघराण्याला बाजूला सारून, स्वतःच्या मनगटावर राजा झाला होता. इ. स. पू. 170 च्या आसपास सत्तेवर आलेल्या या राजानं पुढे नाण्यावर शिरस्त्राण चढवलं, मागे डायोस्कुरी, म्हणजे ग्रीकांचे जुळे अश्वारूढ देव, आपल्या अश्विनीकुमारांसारखे, आणि नावाआधी 'महान' ही पदवी घातली. टिमार्कसनं शिरस्त्राण, घोडेस्वार आणि पदवी हे सगळंच घेतलं. बदललं फक्त नाव.

या नक्कलेचा इतिहासाला मोठा उपयोग झाला. बॅक्ट्रियाच्या राजांच्या नाण्यांवर सन नसतो आणि त्यांचा इतिहास कुणी सलग लिहून ठेवलेला नाही. वायव्य भारतातल्या ग्रीक राजांचा कालक्रम लावायला म्हणूनच फार थोडे खुंटे हाती आहेत. टिमार्कस इ. स. पू. 160 च्या सुमारास मेला हे ठाऊक आहे. मग त्यानं ज्याची नक्कल केली ते शिरस्त्राणाचं आणि 'महान' पदवीचं नाणं त्याआधीच निघालेलं असणार. इराणातल्या दोन वर्षांच्या फसलेल्या बंडामुळे बाल्खच्या राजाचा काळ बांधता आला. या नाण्यांवर माझा जीव आहे तो यासाठी.

आता दुर्मिळतेचं कारण. टिमार्कसचं राज्य जेमतेम दोन वर्षं टिकलं, त्यामुळे मुळात नाणी थोडीच पडली असतील. आणि जी पडली त्यातली काही डेमेट्रियसनं परत टांकसाळीत घातली. ती वितळवलीच असं नाही. बंडखोराचं नाणं तापवून त्यावर थेट आपला ठसा मारला. टायग्रिस नदीकाठच्या सेल्युशिया शहरात पाडलेल्या डेमेट्रियसच्या नाण्यांवर पुढे तो आणि राणी लाओडिसी असे दोन चेहरे एकामागे एक आहेत, मागे बसलेली टायकी देवी आहे. त्यातल्या काहींवर देवीच्या आसपास टिमार्कसच्या ठशाच्या पुसट खुणा दिसतात. ठसा चांगला बसला की खालचं जवळजवळ पुसलं जातं, कमी बसला की वाचतं.

महाराष्ट्रातल्या नाणेसंग्राहकाला हे समजावून सांगावं लागत नाही. 1906 साली नाशिकजवळ जोगळटेंभी इथे नहपान क्षत्रपाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. 13,000 हून अधिक नाणी, आणि त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं स्वतःचा ठसा मारलेला. नहपानाच्या चेहऱ्यावर तीन कमानींचा चैत्य बसवलेला, मागच्या बाण आणि वज्रावर उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकाच्या चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं. हरलेल्या राजाचं नाणं पुसायची हीच रीत. नहपानाच्या नाण्याभोवती ग्रीक अक्षरं असतात तीही याच ग्रीक नाण्यांच्या परंपरेतून आलेली. अपोलोडोटस आणि मिनँडर या ग्रीक राजांचे जुने ड्रॅक्म, म्हणजे चांदीची नाणी, पहिल्या शतकातही भडोचच्या बाजारात चालत होते, असं 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशी मार्गदर्शिकेत नोंदवलं आहे. ठशाखालचा ठसा वाचायला मी शिकलो तो अशा नहपान-सातकर्णी नाण्यांवरच. चैत्याच्या कमानीतून डोकावणारं नहपानाचं नाक एकदा ओळखता आलं की मग कुठल्याही देशाच्या नाण्यावर ती नजर चालते. अंजनेरीच्या नाणेशास्त्र संशोधन संस्थेत जाता आलं तर जा. फोटोवरून ही नजर येत नाही.

थर घासू नका म्हणण्यामागचं उरलेलं कारण हेच. अस्सल आणि दुर्मिळ नाण्याचा पुरावा अनेकदा या पुसट उंचवट्यांत असतो. अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी उंचीची रेघ भांड्याच्या पावडरीनं दोन मिनिटांत जाते.

तर तुमचं नाणं. मागच्या बाजूला वरच्या अंगाला कमानीत दोन शब्द आहेत आणि ते तुमच्या फोटोत स्वच्छ दिसतात: 'बासिलेओस मेगालू', म्हणजे 'महान राजाचं'. कुठल्या राजाचं ते खालच्या आडव्या ओळीत असतं, आणि नेमकी तीच ओळ काळ्या थराखाली आहे. उघडी आहेत ती शेवटची दोन अक्षरं, एक गोल आणि एक इंग्रजी वायसारखं. या दोन अक्षरांवरून काहीच ठरत नाही, कारण 'युक्रेटायडीसचं' आणि 'टिमार्कसचं' या दोन्ही ग्रीक रूपांचा शेवट त्याच दोन अक्षरांनी होतो.

पण गोलाच्या डावीकडे फोटोत एक तिरपी रेघ थरातून बाहेर आली आहे, वरून खाली उजवीकडे उतरणारी. सगळा खेळ तिच्यावर आहे. युक्रेटायडीसच्या नावात त्या जागी डेल्टा येतो, म्हणजे त्रिकोण. टिमार्कसच्या नावात त्याच जागी आपल्या गुणाकाराच्या चिन्हासारखं अक्षर येतं. दोन्ही अक्षरांची उजवी तंगडी तिरपीच. फरक असा, की त्रिकोणाला तळाशी आडवी रेघ असते आणि त्याची तिरपी बाजू वर टोकाला जाऊन संपते. गुणाकाराच्या चिन्हाला पाया नसतो आणि मध्यावर दुसरी रेघ छेदून जाते. तुमच्या फोटोत तळ सावलीत गेला आहे आणि मध्य थरात. मी कितीही मोठा करून पाहिला तरी त्याबद्दल प्रामाणिकपणे काही सांगता येत नाही.

दुसरी खूण म्हणजे मोजणी. युक्रेटायडीसच्या नावात दहा अक्षरं आहेत, टिमार्कसच्या आठ. ओळीची रुंदी तेवढीच असेल तर आठ अक्षरं ऐसपैस बसतात, दहा दाटीनं. तुमच्या नाण्यावर शेवटच्या दोन अक्षरांमधलं अंतर मला कमी वाटतं, म्हणजे दाटी आहे. पण दोन अक्षरांवरून अख्ख्या ओळीचा अंदाज बांधणं कच्चं काम, त्याला मी फार वजन देत नाही. पहिलं अक्षर थोडं जरी उघडं पडलं तर मोजायचीही गरज नाही. कंगव्यासारखे तीन दाते दिसले तर युक्रेटायडीस, उभ्या काठीवर आडवी पट्टी दिसली तर टिमार्कस.

हे थर न काढता बघायचा मार्ग आहे. रात्री खोलीतले दिवे मालवा. नाणं काळ्या कापडावर ठेवा, मोबाइल वर स्थिर टेकवा आणि टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून आडवा प्रकाश पाडा. एक फोटो झाला की टॉर्च थोडा पुढे सरकवा. घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे बारा ठिकाणांहून बारा फोटो. समोरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसणारा थर आडव्या उजेडात बोलू लागतो, कारण खालच्या अक्षराचा उंचवटा त्या थरानंही थोडा उचललेला असतो. कितीतरी झिजलेली नाणी मी अशीच वाचली आहेत. एवढ्यानं नाही उलगडलं तर धातूच्या जुन्या वस्तूंवर काम करणाऱ्या प्रशिक्षित संवर्धकाकडेच थर काढायला द्यायचं, तेही फक्त त्या ओळीपुरतं.

आता खोटेपणाबद्दल. इथे तीन निरनिराळ्या लबाड्या लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली ओतीव नक्कल: अस्सल नाण्याचा साचा घेऊन धातू ओतलेला. अशा नाण्याची अक्षरं साबणाच्या वापरलेल्या वडीसारखी गुळगुळीत कडांची असतात, भिंगाखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि कडेवर कुठेतरी सांध्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा असतात. ठोकलेल्या नाण्याच्या कडेला बारीक चिरा असतात, धातू दाबाखाली पसरताना पडलेल्या. तुमच्या कडेच्या फोटोत अशा दोन चिरा दिसतात, ही गोष्ट मला आवडली. दुसरी लबाडी नव्या कोरीव ठशानं ठोकलेली नक्कल. जर्मनीतल्या कार्ल बेकरनं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीक-रोमन नाण्यांचे ठसे इतके सफाईनं कोरले, की त्याच्या नकला स्वतंत्रपणे ओळखायला शिकाव्या लागतात. अशा वेळी वजन आणि धातू दोन्ही बरोबर निघू शकतात, आणि नाणं ओळखावं लागतं ते अक्षरांच्या वळणावरून आणि इतर अस्सल नाण्यांच्या ठशांशी ताडून.

तिसरी लबाडी तुमच्यासाठी महत्त्वाची: अस्सल युक्रेटायडीस घेऊन त्याचं नाव बदलून टिमार्कस करणं. नफा उघड आहे. पण नाण्यावरचं अक्षर उठावाचं असतं. नवं अक्षर उठवायला भोवतालची चांदी खरवडून खाली न्यावी लागते. त्यामुळे त्या ओळीभोवतीची सपाट जागा बाकीच्या नाण्यापेक्षा खोल जाते, तिथे एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात आणि बाकी नाण्यावर जुना थर असताना तेवढीच पट्टी स्वच्छ किंवा रंगवलेली असते. तुमच्या नाण्याची ओळ जुन्या थराखाली झाकलेली आहे ही इथे जमेची बाजू. ज्याला खोटं नाव विकायचं असतं तो ते झाकून ठेवत नाही. थर खरंच जुना आहे का, हे मात्र हातात घेऊनच सांगता येईल.

घरच्या घरी करण्यासारखी एक चाचणी सांगतो. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा घ्या. पाण्यानं अर्धा भरलेला पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्यानं बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, दोरा हातात धरा. नाण्याला चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. काटा जो आकडा दाखवेल तो नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचा. 16.4 ग्रॅमचं नाणं चांगल्या चांदीचं असेल तर आकडा साधारण 1.56 ते 1.60 मध्ये यावा. 1.8 च्या पुढे गेला तर आत तांबं किंवा तत्सम धातू आहे, 2 च्या पुढे गेला तर कथिलाची भेसळ समजा. थरामुळे आकडा किंचित वर सरकू शकतो, तेव्हा 1.62 आला म्हणून घाबरू नका. नंतर नाणं मऊ सुती कापडावर ठेवून आपोआप वाळू द्या. या चाचणीनं वाईट नक्कल पकडली जाते, चांगली नाही. चांदी आजही मिळते आणि कुणीही ती वापरू शकतो.

वजनाबद्दल इतकंच: या मापाच्या, म्हणजे टेट्राड्रॅक्म किंवा चार ड्रॅक्मच्या नाण्याचं मूळ प्रमाण 17 ग्रॅमच्या जरा वर होतं. झीज आणि गंज धरून 16.4 दोन्ही राजांना चालतं. त्यावरून निवाडा होत नाही.

'मेसोपोटेमियातून आणलं' या आठवणीचं काय? ती मी हलक्यात घेत नाही. टिमार्कसची सत्ता मीडिया आणि बॅबिलोनियात होती, आजच्या इराण-इराकमध्ये. मराठा पलटणी जिथे लढल्या तोच मुलूख. नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादजवळ टेसिफोनची लढाई झाली तेव्हा सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी होत्या. टेसिफोनच्या समोर, टायग्रिसच्या पलीकडे, सेल्युशियाचे अवशेष आहेत, डेमेट्रियसनं बंडखोराची नाणी पुन्हा ठोकली तेच शहर. पणजोबा त्या भागात होते हे सिद्ध झालं तर टिमार्कसच्या बाजूनं थोडं वजन पडतं. पण पुढचंही पाहा. त्या डिव्हिजनला टायग्रिसकाठच्या कूत या गावी वेढा पडला आणि 29 एप्रिल 1916 ला शरणागती झाली. जे कैदेत गेले त्यांच्याजवळ चांदीचं नाणं टिकणं कठीण. मार्च 1917 मध्ये बगदाद हाती आल्यावर तिथल्या बाजारात कुणी खरेदी केली असेल, तर ती गोष्ट जास्त पटते. पण बाजारातलं नाणं कुठूनही आलेलं असू शकतं, आणि शिपायांना 'पुरातन' म्हणून नकला विकणारेही असतात. शिवाय मराठा पलटणी वायव्य सरहद्दीवरही असायच्या, आणि पेशावरकडे युक्रेटायडीसची नाणी मिळणं काहीच विशेष नाही.

म्हणून पणजोबांचं पदक शोधा. त्या युद्धाचं चांदीचं ब्रिटिश वॉर मेडल घरात असेल तर त्याच्या कडेवर शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली सापडेल. पेन्शनचे कागद, जुनी पत्रं, ट्रंकेवरची रंगवलेली अक्षरं, सगळ्याचे फोटो काढा. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नाण्याची गोष्ट त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि तारीख घाला. नाणं कुणाचंही ठरो, या कागदांनी त्याची किंमतही वाढते आणि त्याच्याबद्दलचं ज्ञानही.

व्यापाऱ्याच्या सूचनेबद्दल स्पष्ट बोलतो. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार 100 वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे, मग ते कुठल्याही देशाचं असो. वारशानं आलेलं नाणं घरात असणं हा गुन्हा नाही. पण ते परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवणं हा गुन्हा आहे, आणि त्याला कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. त्या गृहस्थांना परवाना दाखवायला सांगा. 'दागिन्यांबरोबर कुरिअरनं पाठवू' अशी भाषा निघाली तर तिथेच उठा. बाहेर पाठवणारा तो असला तरी नाणं तुमच्या घरचं आहे आणि चौकशी तुमच्या दारी येईल.

किंमत आज सांगत नाही, तुम्ही कितीही आग्रह केलात तरी. अक्षर वाचल्याशिवाय सांगितलेली किंमत एक तर तुम्हाला लुबाडेल, नाही तर खोटी आशा लावेल. दोन नावांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. म्हणूनच ओळ वाचली जाण्याआधी रोख रक्कम घेऊन मोकळं व्हायची घाई करू नका. समोरचा माणूस घाई करत असेल तर त्यानं ती रेघ कदाचित माझ्याआधी पाहिली आहे.

माझा कल विचाराल तर: कडेच्या चिरा, अक्षरांची धार आणि थर पाहता नाणं अस्सल असण्याकडे मी झुकतो. राजा म्हणून आत्ता तरी युक्रेटायडीसची शक्यता मला जास्त वाटते, केवळ तो कितीतरी पटींनी अधिक सापडतो म्हणून. पण ती तिरपी रेघ मला स्वस्थ बसू देत नाही. फोटोत तिचं वरचं टोक त्रिकोणाच्या शिखरापेक्षा जरा जास्तच डावीकडे गेल्यासारखं वाटतं, आणि तसं असेल तर ती पुढे छेदत जाणारी रेघ असू शकते.

तोवर नाणं बटर पेपरच्या किंवा साध्या पांढऱ्या कागदाच्या पाकिटात ठेवा. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात नको, त्यातून सुटणाऱ्या रसायनानं चांदीवर हिरवट चिकट थर येतो. हाताळताना कडेला धरा. आडव्या उजेडातले बारा फोटो आणि पाण्याच्या चाचणीचा आकडा इथेच टाका. पहिल्या अक्षराच्या जागेचा आणि त्या रेघेच्या तळाचा फोटो शक्य तितका जवळून हवा. तळाशी आडवी रेघ आहे की नाही एवढं दिसलं, की पुढचं मी त्याच दिवशी लिहीन.